मोकळी नळी, कोंडलेली गल्ली



वर्गात वायूंच्या प्रवाहाचे प्रकरण सुरू झाले की मागच्या बाकावरून एक प्रश्न हमखास येतो : "सर, गाडीला हाय-फ्लो कॅटालिटिक कन्व्हर्टर बसवला तर पळण्यात किती फरक पडतो? आणि बसवायचाच तर कोणता बसवावा?" वर्गात थोडा हशा पिकतो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यात भौतिकी आहे, रसायन आहे, गणित आहे आणि थोडा शेजारधर्मही आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचा मूळ परिवर्तक सुस्थितीत असेल, तर तो काढून 'अधिक मोकळा' बसवणे हा तोट्याचा सौदा आहे. आणि त्यातला मोठा तोटा सौदा करणाऱ्याच्या नव्हे, भलत्याच्याच वाट्याला येतो. हे मत माझ्या वयाचा परिणाम आहे असे समजू नका. त्यामागे एक साधे गणित आहे. ते खाली मांडतो. पटले नाही तर वहीवर करून पाहा आणि खोडून काढा.

एंजिनातून काय बाहेर पडते?

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचे मिश्रण. ते पूर्ण जळाले तर कार्बन डाय-ऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरायला हवे. त्यासाठी एक किलो पेट्रोलला सुमारे १४.७ किलो हवा लागते. परंतु मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या एंजिनात दट्ट्याची एक धाव अवघ्या एक शतांश सेकंदात संपते. इतक्या घाईत ज्वलन पूर्ण होत नाही. काही पेट्रोल न जळताच बाहेर येते. ही झाली हायड्रोकार्बने. काही अर्धवट जळते. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. शिवाय सिलिंडरातील प्रचंड उष्णतेमुळे हवेतला एरवी आळशी असणारा नायट्रोजनही ऑक्सिजनशी संयोग पावतो आणि नायट्रोजनची ऑक्साइडे निर्माण होतात.

यांपैकी कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातील हीमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा त्याला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. म्हणजे श्वास चालू असूनही शरीराला ऑक्सिजन कमी पडतो. नायट्रोजन डाय-ऑक्साइड फुप्फुसांना त्रास देतो आणि उन्हात हायड्रोकार्बनांच्या संगतीने जमिनीलगत ओझोन तयार करतो. नागपूरला उन्हाची वाण कधीच नसते, हे सांगायला नको.

हे तिन्ही वायू निरुपद्रवी करण्याचे काम उत्प्रेरकी परिवर्तक, म्हणजेच कॅटालिटिक कन्व्हर्टर करतो. कार्बन मोनॉक्साइडचा तो कार्बन डाय-ऑक्साइड करतो, हायड्रोकार्बने जाळून टाकतो आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून ऑक्सिजन काढून घेऊन साधा नायट्रोजन परत देतो. एकाच डब्यात तीन कामे. म्हणून त्याला त्रिमार्गी परिवर्तक म्हणतात.

थोडा इतिहास

परिवर्तकाचा एक जनक यूजीन हूद्री हा फ्रान्समध्ये जन्मलेला अभियंता. जड खनिज तेलापासून उत्प्रेरकाच्या साहाय्याने पेट्रोल काढण्याची पद्धत त्याने बसवली होती. पुढे अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या धूरमिश्रित धुक्याचा प्रश्न ऐरणीवर आला, तेव्हा त्याने मोटारीचा धूर शुद्ध करण्याकडे लक्ष वळवले आणि १९५६ साली त्याला आपल्या परिवर्तकाचे एकस्व मिळाले. पण त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. शिसे उत्प्रेरकाच्या पृष्ठभागावर बसून त्याला निकामी करी. त्यामुळे शोध लागूनही उपयोग अडला. अमेरिकेत परिवर्तक सर्रास दिसू लागले ते १९७५ सालच्या गाड्यांपासून, आणि त्यासाठी शिसेविरहित पेट्रोल उपलब्ध करावे लागले.

आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना परिवर्तक सक्तीचा झाला. २००० साली देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल हद्दपार झाले. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले. त्याच वेळी इंधनातील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. या मानकानुसार पेट्रोल मोटारीने एका किलोमीटरला १ ग्रॅमपेक्षा अधिक कार्बन मोनॉक्साइड आणि ०.०६ ग्रॅमपेक्षा अधिक नायट्रोजनची ऑक्साइडे सोडू नयेत, असा नियम आहे. इंधन शुद्ध करणारे कारखाने, गाड्या तयार करणारे कारखाने आणि चाचणी करणाऱ्या संस्था यांनी वर्षानुवर्षे खपून ही पातळी गाठली. ती मोडायला मात्र एक पाना आणि अर्धा तास पुरतो.

मधमाश्यांच्या पोळ्याची भूमिती

परिवर्तक उघडून पाहिला, तर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. ती चिनी मातीसारख्या पदार्थाची किंवा पातळ धातूच्या पत्र्याची असते. सर्वसाधारण परिवर्तकात एका चौरस इंचात सुमारे ४०० चौकोनी छिद्रे असतात. त्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप असतो आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. वायूचा रेणू भिंतीला जाऊन भिडला, तरच रासायनिक क्रिया घडते. छिद्राच्या मधून सरळ निघून गेलेला रेणू जसा आला तसाच बाहेर पडतो.

हाय-फ्लो परिवर्तकात बहुधा छिद्रांची संख्या कमी करून ती मोठी केलेली असतात. चौरस इंचात २०० किंवा १०० सुद्धा. मोठ्या छिद्रांतून वायू सहज जातो, एंजिनावरचा प्रतिदाब घटतो आणि थोडी अधिक शक्ती मिळते. एवढे खरे आहे. आता या खऱ्या गोष्टीची दुसरी बाजू पाहा.

४०० छिद्रांच्या जाळीत एका छिद्राची बाजू, भिंतीची जाडी सोडून दिली तर, १.२७ मिलिमीटर येते. २०० छिद्रांच्या जाळीत ती १.८ मिलिमीटर होते. बाजू १.४१ पट, म्हणजे बाजूचा वर्ग दुप्पट. अरुंद नळीतून वायू संथपणे वाहत असताना, वेग आणि लांबी तीच ठेवली तर दाबातील घट ही नळीच्या रुंदीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून २०० छिद्रांच्या जाळीचा अडथळा निम्मा होतो. दुकानदार सांगतो तो फायदा हाच.

पण रेणू भिंतीपर्यंत पोहोचतो कसा? विसरणाने, म्हणजे इकडेतिकडे धक्के खात. उदबत्तीचा वास खोलीभर पसरतो तसा. विसरणाला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बाजूचा वर्ग दुप्पट झाला की भिंत गाठायला रेणूला वेळही दुप्पट लागतो. जाळीची लांबी तीच असल्याने त्याला मिळणारा वेळ मात्र वाढलेला नाही. परिणामी मोठ्या छिद्रांची जाळी ही जणू निम्म्याच लांबीच्या मूळ जाळीइतके काम करते.

निम्मी लांबी म्हणजे निम्मे काम, असे समजू नका. इथेच बहुतेकांची गफलत होते. समजा, मूळ परिवर्तक शंभरातले ९५ भाग काढून टाकतो आणि ५ भाग सोडतो. त्याचे दोन सारखे तुकडे कल्पा. प्रत्येक तुकडा आपल्यापाशी आलेल्या वायूचा एक ठरावीक हिस्सा पुढे जाऊ देतो. तो हिस्सा क्ष मानला, तर क्ष गुणिले क्ष बरोबर ०.०५. वर्गमूळ काढले की क्ष सुमारे ०.२२ येतो. म्हणजे एकच तुकडा शंभरातले २२ भाग सोडील. ५ चे २२ झाले. प्रदूषण चौपटीहून अधिक वाढले! प्रत्यक्षात लेपाची प्रत, तापमान आणि प्रवाहातील खळबळ यांमुळे हा आकडा मागेपुढे होईल. पण वारा कोणत्या दिशेने वाहतो, हे यातून स्वच्छ दिसते.

तुम्ही म्हणाल, मग मोठ्या छिद्रांची जाळी दुप्पट लांब करू. करा. काम पूर्ववत होईल. पण लांबी दुप्पट झाली की अडथळाही दुप्पट होऊन मूळ पदावर येईल. अडथळा आणि शुद्धीकरण ही दोन्ही लांबी भागिले रुंदीचा वर्ग या एकाच गुणोत्तरावर अवलंबून आहेत. एकाला सोडून दुसरे मिळत नाही. यातून सुटण्याची एक प्रामाणिक वाट आहे : परिवर्तकाचे तोंडच मोठे करायचे, म्हणजे वायूचा वेग कमी होतो, अडथळा घटतो आणि भिंत गाठायला वेळही मिळतो. पण तोंड मोठे म्हणजे आकारमान मोठे, लेप अधिक, मौल्यवान धातू अधिक. तो परिवर्तक महागच असणार. म्हणून आकाराने मूळ परिवर्तकाएवढाच, किमतीने स्वस्त आणि तरी 'अधिक मोकळा व तितकाच स्वच्छ' अशी जाहिरात दिसली, की वर्गमूळ आठवा.

इतवारीची कसोटी इथे चालत नाही

गांधीबागेला लागूनच इतवारीचा सराफा आहे. तिथला सराफ दागिना कसोटीच्या दगडावर घासून सोन्याचा कस सांगतो. परिवर्तकातील धातू काही थोड्या ग्रॅमांतच मोजावे लागतात, पण ते सोन्याच्या पंक्तीतले आहेत. २०२१ साली ऱ्होडियमचा भाव सोन्याच्या दहापटीहूनही वर गेला होता. त्याच सुमारास गुजरातेत आणि महाराष्ट्रात ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीस जाण्याचे प्रकार घडले, ते पत्र्यासाठी नव्हे, तर आतल्या जाळीतील या धातूंसाठी. चोरांना जी गोष्ट ठाऊक होती, ती पुष्कळ गाडीमालकांना चोरी झाल्यावरच कळली.

आता विचार करा. बाहेरून चकचकीत पोलादी डबा, आत सुबक जाळी. त्या लेपात धातू पुरेसा आहे की नावापुरता, हे दुकानाच्या गल्ल्यापाशी कोणत्या दगडावर घासून पाहणार? ते कळते प्रयोगशाळेत, गाडी रोलरवर चालवून आणि बाहेर पडणारा वायू पिशवीत साठवून तपासल्यावर. महागड्या धातूंना पर्याय शोधण्याचे प्रयत्नही जगभर चालू आहेत. आपल्या नागपुरातील नीरी या संस्थेतही, जिची स्थापना १९५८ साली झाली, पेरोव्हस्काइट वर्गातील उत्प्रेरकांवर संशोधन झाले आहे. पण असा पर्याय चाचणीला उतरावा लागतो. दुकानदाराचा शब्द म्हणजे चाचणी नव्हे.

पळणार कुठे?

शक्ती वाढते हे कबूल केले, तर ती कुठे वापरता येते, हेही पाहिले पाहिजे. १,२०० घनसेंटिमीटरचे चार धावांचे एंजिन घेऊ. दोन फेऱ्यांत ते एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढते. मिनिटाला ६,००० फेरे आणि पूर्ण उघडा थ्रॉटल असेल, तर मिनिटाला सुमारे ३,६०० लिटर हवा आत जाते. हीच गाडी १,५०० फेऱ्यांवर हळूहळू चालली आणि सिलिंडर एकचतुर्थांशच भरले, तर हवा लागते सुमारे २२५ लिटर. म्हणजे सोळाव्या हिश्शाएवढी. तेव्हा जाळीतील दाबाची घटही साधारण सोळाव्या हिश्शावर येते. जो अडथळा मुळातच जाणवत नाही, तो दूर करून काय मिळवले?

आता गांधीबागेत या. कापडाची ठोक बाजारपेठ, दोन्ही बाजूंना दुकाने, ओट्यांवर उतरवलेले गठ्ठे, मधून वाट काढणारे हातठेले, हमाल, रिक्षा आणि स्कूटरी. इथे गाडी पळत नाही, सरकते. चौकात तर नुसतीच धडधडत उभी राहते. ज्या एंजिनाची वाढीव शक्ती इथे कधीच वापरली जाणार नाही, त्याचा वाढीव कार्बन मोनॉक्साइड मात्र इथेच वापरला जातो. ठेला ओढणाऱ्याच्या छातीत. तो श्रम करीत असल्याने श्वासही जोरात घेतो. दिवसभर गादीवर बसणाऱ्या दुकानदाराचे आणि त्याच्या पोऱ्याचे नाक गाडीच्या नळीपासून फार वर नसते. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही, तेव्हा गल्लीतला धूर गल्लीतच राहतो. सौदा झाला तेव्हा यांच्यापैकी कोणालाही कोणी विचारले नव्हते.

शिवाय उत्प्रेरक २५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापल्याखेरीज नीट काम करीत नाही. म्हणूनच कारखान्यात तो बहुधा एंजिनाच्या अगदी जवळ बसवतात. बाहेरून घेतलेला परिवर्तक जागेच्या सोयीने मागे सरकवला, की तो उशिरा तापतो. घरापासून बाजारापर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत त्याला अंग झटकून उठायलाच वेळ जातो.

दुचाकीस्वारांनी हे आपल्याला लागू नाही असे समजू नये. आजच्या मोटारसायकलींतही परिवर्तक असतो. कुठे सायलेन्सरच्या आत, कुठे एंजिनाजवळच्या वाकड्या नळीत. 'फटफट' आवाजासाठी संपूर्ण नळी बदलली, की आवाजाबरोबर परिवर्तकही गेला. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी असे जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले. लोकांना आठवतो तो आवाजाचा त्रास. वासाशिवाय येणाऱ्या वायूचा त्रास मात्र कोणाच्या तक्रारीत लिहिला जात नाही.

'पण पीयूसी तर पास होते!'

हा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकला आहे. पेट्रोल गाडीच्या पीयूसी तपासणीत गाडी उभी असताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बने मोजतात. नायट्रोजनची ऑक्साइडे मोजली जात नाहीत. आणि ती वाढतात एंजिनावर भार पडल्यावर. एका विषयाची तोंडी परीक्षा उत्तीर्ण झाला म्हणून कोणी सर्व विषयांत उत्तीर्ण होत नाही.

आजच्या गाडीत परिवर्तकाच्या पुढे आणि मागे ऑक्सिजन मोजणारे सेन्सर असतात. परिवर्तक अपुरा पडला की डॅशबोर्डवर एंजिनाचा दिवा लागतो. त्यावर काही जण मागचा सेन्सर जोडतुकडा लावून प्रवाहाबाहेर ओढून घेतात आणि दिवा विझवतात. तापमापक पांघरुणाबाहेर धरून रोग्याला ताप नाही म्हणण्यासारखाच हा प्रकार! उपकरणाने खरे सांगितले म्हणून उपकरणालाच फसवणे, याला मी तरी तंत्रकौशल्य म्हणणार नाही.

कायद्याचे बोलायचे, तर मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले. हवा व आवाज यांच्या मर्यादा मोडणाऱ्यास कलम १९० खाली दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, कैदही होऊ शकते. पण दंडाच्या भीतीने नळी बदलू नका, असे सांगून मी थांबणार नाही. पोलीस चौकात नसतानाही वर्गमूळ तेच येते.

मग निवडावे तरी कसे?

वेगाची आवड वाईट नाही. एंजिन उघडून पाहण्याची हौस असलेले विद्यार्थी मला आवडतात. उद्याचे अभियंते त्यांच्यातूनच निघतात. ज्यांना खरोखर शर्यत करायची आहे, त्यांच्यासाठी कोइमतूर आणि चेन्नईजवळ शर्यतीचे मार्ग आहेत. शर्यतीची गाडी शर्यतीच्या मार्गावर, तिथल्या नियमांनी.

रस्त्यावरच्या गाडीचा मूळ परिवर्तक खरोखरच तुटला, वितळला किंवा निकामी झाला, तर बदलावाच लागतो. अशा वेळी पहिली पसंती त्याच गाडीसाठी उत्पादकाने दिलेल्या परिवर्तकाला द्यावी. दुसरा घ्यायचा म्हटले, तर विचारावे : हा याच एंजिनावर तपासला आहे काय? कोणत्या संस्थेने तपासला? तिन्ही वायूंचे आकडे कुठे आहेत? युरोपात बदली परिवर्तकांसाठी संयुक्त राष्ट्रांचे १०३ क्रमांकाचे विनियम आहेत. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात मंजुरीचा आदेश क्रमांक डब्यावर असावा लागतो. आपल्याकडे पुण्याची एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था गाड्यांच्या अशा चाचण्या करते. ज्या डब्यासोबत फक्त अश्वशक्तीचा आकडा येतो आणि धुराचा येत नाही, तो परत ठेवून द्यावा. आणि आणखी एक गोष्ट : जुना परिवर्तक का गेला, ते आधी शोधावे. एंजिन तेल जाळत असेल किंवा ठिणगी चुकत असेल, तर नवाही त्याच वाटेने जाईल.

शिक्षक बंधुभगिनींना एक सूचना करावीशी वाटते. हा विषय वर्गात आणा. आलेख कागदावर ४ सेंटिमीटर बाजूचा चौरस काढून त्याचे १ सेंटिमीटरचे १६ चौकोन करायला सांगा आणि सर्वांच्या परिमितींची बेरीज करू द्या. ६४ सेंटिमीटर येईल. मग त्याच चौरसात २ सेंटिमीटरचे ४ चौकोन, बेरीज ३२. वाट तेवढीच रुंद, भिंत निम्मी. विद्यार्थ्याने स्वतः काढलेले हे उत्तर दहा भाषणांपेक्षा अधिक काळ लक्षात राहील.

मित्रांनो, विज्ञान आपल्याला मोजायला शिकवते. पण काय मोजायचे हे आपण ठरवतो. गाडीचा वेग मोजणारा काटा चालकाच्या डोळ्यांसमोर असतो. नळीतून काय निघते ते दाखवणारा काटा मागून चालणाऱ्या माणसापाशी नसतो. तो काटा तुमच्या डोक्यात असायला हवा. उद्या तुमच्या हाती गाडीची किल्ली येईल, तेव्हा पळण्याचे गणित जरूर करा. मात्र ते अर्धे सोडू नका.